आस्कंदानं जिवाचा घोर जातो का? औषधाची पारख कशी होते ते समजून घेऊ

चुलीवर काही ठेवलं असेल तर आच जरा मंद करा, निवडायला मेथी घेतली असेल तर निवडत निवडत ऐका. बचत गटाची बैठक चालू असेल तर रेडिओ मध्ये ठेवा, कारण आजचा विषय एकटीनं ऐकण्यापेक्षा चौघींनी मिळून ऐकण्यासारखा आहे.

गेले काही महिने आमच्या केंद्रावर तुमचे जे फोन आणि निरोप येतात, त्यांत एक प्रश्न सारखा ऐकू येतो. कुणी म्हणते, "रात्री डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. बाजारात आस्कंदाची पूड मिळते, ती दुधातून घेऊ का?" कुणी म्हणते, "मोबाईलवर जाहिरात आली, पंधरा दिवसांत काळजी पळून जाईल म्हणतात. खरं का?" आणि एकीनं तर विचारलं, "ही पूड चालू केली तर डॉक्टरांची गोळी बंद करता येईल का?"

या शेवटच्या प्रश्नामुळे आम्ही ठरवलं की यावर सविस्तर बोलायचं. नुसतं 'घ्या' किंवा 'घेऊ नका' म्हणून भागणार नाही. एखाद्या झाडपाल्यानं मनाचा आजार बरा होतो की नाही, हे ठरवतात कसं? ते एकदा कळलं की उद्या आस्कंदाऐवजी दुसरं काही बाजारात आलं तरी आपली आपल्याला पारख करता येईल.

आधी आजाराबद्दल. काळजी कुणाला नसते? पाऊस लांबला, लेकीचं बाळंतपण जवळ आलं, बँकेचा हप्ता तोंडावर आला, की जिवाला घोर लागतोच. ही काळजी आजार नव्हे. ती आपल्याला कामाला लावते, आणि काम झालं की उतरते. पण काही जणींची काळजी उतरतच नाही. कारण असो नसो, सकाळी उठल्यापासून काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. छाती धडधडते, हातपाय कापतात, घशात आवंढा अडकतो, पोटात गोळा येतो, झोप तुटते, अंग आखडून येतं. असं महिनोन् महिने चाललं, घरातलं-शेतातलं काम होईना, तर त्याला चिंतेचा आजार म्हणतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतो. आणि आपल्याकडे त्याला नावं काय मिळतात? "नाटकं करते", "बाहेरचं झालंय", "हिला काम नको". म्हणून बाई कुणाला सांगत नाही, आणि गुपचूप पुडी आणून घेते. आपला प्रश्न इथूनच सुरू होतो.

आता झाडपाल्याकडे वळू. झाडपाला म्हणजे थोतांड, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट एक गोष्ट सांगतो, ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. सर्पगंधा नावाची वनस्पती आहे. तिचं मूळ आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या वापरात होतं. साप चावल्यावर देत, झोप येत नसेल तर देत, वेड लागलेल्या माणसाला शांत करायला देत. १९३१ साली कोलकात्याच्या सेन आणि बोस या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की हे मूळ वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडतं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना हे मूळ देऊन, मोजमापं घेऊन, १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती छापली. तेव्हा सगळ्या जगाचे कान टवकारले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातला नेमका गुणकारी पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव रेसर्पिन. आणि १९५५ साली लंडनमध्ये दोन डॉक्टरांनी हेच रेसर्पिन चिंतेनं आणि खिन्नतेनं बेजार झालेल्या रुग्णांना देऊन पाहिलं. काहींना खरं औषध, काहींना बिनऔषधाची गोळी, अशी ती चाचणी होती. मनाच्या आजारावर अशा पद्धतीनं केलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांपैकी ती एक. औषध घेणाऱ्यांना जास्त बरं वाटलं.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत असलेलं मूळ खरंच गुणाचं निघालं. पण गोष्ट इथे संपत नाही. रक्तदाबासाठी हेच औषध मोठ्या मात्रेत पुष्कळ दिवस घेणाऱ्या काही रुग्णांना खूप उदास वाटू लागल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. नाक चोंदणं, सुस्ती, नाडी मंद होणं हेही दिसलं. पुढे मनाच्या आजारांसाठी दुसरी औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं. या गोष्टीतून दोन धडे घ्यायचे. झाडाच्या मुळात खरी ताकद असते, हा पहिला. आणि जिथे ताकद असते तिथे अपायही असू शकतो, हा दुसरा. धोतरा आणि कण्हेर हीसुद्धा आपल्या बांधावरचीच झाडं आहेत. 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' असं म्हणून त्यांची भाजी कुणी करत नाही.

आता आस्कंद. संस्कृतात अश्वगंधा, कारण ओल्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा वास येतो म्हणतात. गुडघ्या-कमरेएवढं झुडूप, पातळ आवरणात दडलेली लालबुंद फळं. औषधात वापरतात ते मूळ. मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौर भागात त्याची मोठी शेती होते. शास्त्रज्ञांनी या झाडाला जे लॅटिन नाव दिलं, त्यातच 'झोप आणणारं' असा अर्थ आहे. या मुळात विथॅनोलाइड नावाचे पदार्थ असतात. गुण येतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे, असं संशोधक मानतात.

पण मानणं वेगळं आणि पारखणं वेगळं. पारख सुरू होते ती बहुतेक वेळा उंदरांपासून. आता तुम्ही म्हणाल, उंदराला कसली आली चिंता? पण आठवून बघा, स्वयंपाकघरात उंदीर शिरला तर तो कसा पळतो? भिंतीच्या कडेकडेनं. मोकळ्या जागेत यायला तो घाबरतो. संशोधक याच सवयीचा उपयोग करतात. जमिनीपासून हातभर उंच, अधिकच्या खुणेसारखी चार फाट्यांची एक फळी असते. दोन फाट्यांना दोन्ही बाजूंनी भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतीच्या आडोशाला बसून राहतो. भीती कमी झाली की उघड्या फाट्यावर येऊन हिंडतो. तो किती वेळ उघड्यावर राहिला ते मोजायचं. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली असं करून पाहिलं. आस्कंदाच्या मुळातून काढलेले पदार्थ त्यांनी उंदरांना पाच दिवस दिले, आणि चिंतेवर डॉक्टर देतात त्या लोराझेपाम नावाच्या औषधाशी तुलना केली. उंदरांची भीती दोन्हींनी कमी झाली.

म्हणजे झालं का सिद्ध? नाही. उंदराला कर्जाचा हप्ता नसतो, सासर नसतं, दारू पिणारा नवरा नसतो. उंदरावर चाललं म्हणजे एवढंच कळतं की माणसावर बघण्यासारखं काहीतरी इथे आहे. खरी परीक्षा माणसांवरच होते.

ती कशी करायची? सोपा मार्ग कुणीही सुचवेल. शंभर बायकांना पूड द्या आणि महिन्यानं विचारा, बरं वाटलं का? पण यात एक मोठी मेख आहे. आपण औषध कधी घेतो? त्रास अगदी टोकाला गेला की. आणि टोकाला गेलेला त्रास बऱ्याचदा आपणहून थोडा खाली येतोच. शिवाय कुणीतरी आपलं नीट ऐकून घेतलं, आस्थेनं पुडी हातात दिली, 'आता बरं वाटेल' असा धीर दिला, यानंही मन हलकं होतं. मग गुण कशाचा? पुडीचा, काळाचा, की धीराचा?

हे ओळखायला शेतातलंच उदाहरण घेऊ. नवं खत चांगलं की नाही हे बघायचं तर आपण काय करतो? एकाच शेतात दोन वाफे करतो. माती तीच, बियाणं तेच, पाणी तेच. एका वाफ्यात खत घालायचं, दुसऱ्यात नाही. मग जो फरक दिसेल तो खताचा. माणसांच्या चाचणीतही दोन गट करतात. एका गटाला खरं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी.

कुणाला कुठल्या गटात टाकायचं? डॉक्टरांनी आपल्या मनानं निवडलं तर ते नकळत बरी दिसणारी माणसं औषधाच्या गटात घालतील. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. आपल्या भिशीत नंबर काढतात ना, अगदी तसं. भिशीत चिठ्ठी टाकली की 'माझ्या जावेला आधी दिलं' अशी तक्रार उरत नाही. इथेही चिठ्ठी टाकली की दोन्ही गट सारखे होतात.

तिसरी गोष्ट, कुणाला काय मिळालं हे गोळी घेणाऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही, आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. पापडांची स्पर्धा असली की ताटलीवर गटाचं नाव लिहीत नाहीत, नुसता आकडा लिहितात. नाव दिसलं की आपल्या गटाचा पापड जास्त कुरकुरीत लागतो! तसंच हे. सगळं मोजून झाल्यावर मग आकड्यांची यादी उघडायची.

आणि चिंता मोजायची कशी? ती काही तराजूत घालता येत नाही. त्यासाठी ठरलेले प्रश्न असतात. १९५९ साली हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरांनी तयार केलेली एक प्रश्नावली आजही वापरतात. त्यात १४ बाबी आहेत: मनाची धास्ती, अंगाचा ताण, झोप, छातीची धडधड, पोटाच्या तक्रारी अशा. प्रत्येक बाबीला शून्य ते चार गुण. सुरुवातीला बेरीज करायची, आणि औषध संपल्यावर पुन्हा करायची.

या कसोटीवर आस्कंद कसा उतरला? सन २००० मध्ये बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या राष्ट्रीय संस्थेतल्या डॉक्टरांनी चिंतेचा आजार असलेल्या ३९ रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी छापली. पारडं आस्कंदाच्या बाजूनं झुकलं. पण यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बिनऔषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीही साधारण निम्म्यांना बरं वाटलं होतं! दुसरा गट ठेवलाच नसता, तर ते सगळं श्रेय आस्कंदाच्या खात्यात गेलं असतं.

२०१२ साली हैदराबादची एक चाचणी छापून आली. सतत ताणाखाली असलेल्या ६४ माणसांपैकी एका गटाला ६० दिवस मुळाचा अर्क दिला. रोज दोनदा, दर वेळी ३०० मिलीग्राम. अर्क घेणाऱ्यांचा ताण मोजमापात ४४ टक्क्यांनी कमी झाला, दुसऱ्या गटाचा फक्त ५ ते ६ टक्क्यांनी. जाहिरातीत तुम्ही जे आकडे ऐकता ते बहुतेक अशाच चाचण्यांतले असतात. पण जाहिरात हे सांगत नाही की ही माणसं ताणाखाली होती, चिंतेच्या आजाराची रुग्ण नव्हती. आणि माणसं होती अवघी ६४.

तिसरं उदाहरण कॅनडाचं, २००९ सालचं. तिथे आस्कंद दिला, त्यासोबत आहाराचा सल्ला दिला, खोल श्वासाचे व्यायाम शिकवले आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही दिल्या. त्या गटाला चांगला गुण आला. पण कशानं आला? शेतात खत, पाणी आणि नवं बियाणं एकदमच दिलं तर पीक कशानं वाढलं ते सांगता येत नाही. तशीच गत.

२०२२ साली काही संशोधकांनी अशा १२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. सगळी मिळून माणसं सुमारे एक हजार. निष्कर्ष असा निघाला की आस्कंदानं चिंता आणि ताण कमी होताना दिसतात, पण पुराव्याची खात्री कमी आहे. का कमी? बऱ्याच चाचण्या लहान. बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या, म्हणजे वर्षभर घेतल्यावर काय होतं ते त्यांतून कळत नाही. प्रत्येकीत अर्क वेगळा आणि मात्रा वेगळी. आणि पुष्कळ ठिकाणी अर्क बनवणाऱ्या कंपनीचाच हात. आपल्या म्हशीचं दूध आपणच तपासून 'फॅट उत्तम' म्हटलं तर डेअरीवाला मानेल का? तसंच हे आहे.

थोडक्यात काय, तर आस्कंद आशा दाखवतो. पण 'पी हळद अन् हो गोरी' असं ते प्रकरण नाही. आणि चाचणीत वापरला तो मोजूनमापून तयार केलेला अर्क होता. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या पुडीत किती मूळ, किती पानं, किती भेसळ, हे कोण सांगणार? काही बनावट पुड्यांमध्ये स्टेरॉईड किंवा झोपेचं औषध मिसळलेलं सापडलं आहे. त्यानं चार दिवस एकदम बरं वाटतं, आणि मग महागात पडतं. पानांबद्दलही जपून राहा. आयुष मंत्रालयानं २०२१ साली औषध बनवणाऱ्यांना सांगितलं की आस्कंदाची पानं वापरू नका, मूळच वापरा.

आता अपायाची बाजू. थोड्या दिवसांसाठी घेतलेला आस्कंद बहुतेकांना सोसतो. कुणाला पोट बिघडतं, मळमळतं, गुंगी येते. पण २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची माहिती छापली. आस्कंद असलेल्या गोळ्या काही आठवडे घेतल्यावर त्यांना कावीळ झाली होती. गोळ्या बंद केल्यावर ते हळूहळू बरे झाले. २०२३ साली केरळच्या डॉक्टरांनी आपल्याकडचेच असे रुग्ण दाखवले. त्यातल्या ज्यांचं यकृत आधीपासूनच खराब होतं, त्यांच्यापैकी काहींचा जीव गेला. त्याच वर्षी डेन्मार्कनं आस्कंदाच्या पदार्थांवर बंदी घातली. असं फार थोड्यांना होतं, हे खरं. पण लहान चाचणीत अशी दुर्मीळ गोष्ट दिसतच नाही. साठ माणसांत जे दिसलं नाही, ते लाखो माणसं घ्यायला लागली की दिसतं. म्हणून औषध बाजारात आल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

मैत्रिणींनो, पुढची यादी गटाच्या वहीत लिहून घ्या. गरोदर बाईनं आस्कंद घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या बाईनंही घेऊ नये. थायरॉईडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यानं थायरॉईडचा रस वाढू शकतो. यकृताचा आजार असेल, पूर्वी कावीळ होऊन गेली असेल, तर दूरच राहा. साखरेची, रक्तदाबाची, झोपेची किंवा फिटची गोळी चालू असेल, तर तिच्याबरोबर आस्कंद घेतल्यानं औषधाचा परिणाम कमीजास्त होऊ शकतो. आणि घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली, तर पूड त्याच दिवशी बंद करून सरकारी दवाखाना गाठा. जाताना ती पुडी किंवा डबी सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं की 'काही घेत नाही हो' असं म्हणू नका. काढा, चूर्ण, पूड, सगळं सांगा.

आणि त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. डॉक्टरांनी मनाच्या आजारावर दिलेली गोळी पुडीच्या भरवशावर एकाएकी बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर घबराट दुप्पट होऊन उलटते, झोप जाते, काहींत फिटही येऊ शकते. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्यानंच.

आता थोडं वेगळं बोलू. उद्या तुमच्याच तालुक्यात कुणी आलं आणि म्हणालं, "ताई, चिंतेवरच्या नव्या औषधाची चाचणी आहे, भाग घ्या," तर काय करायचं? पळूनही जायचं नाही आणि डोळे झाकून अंगठाही द्यायचा नाही. कुणीतरी भाग घेतला म्हणूनच आजची औषधं आपल्याला मिळाली. पण भाग घेणारीचे हक्क असतात, आणि ते कायद्यानं दिलेले आहेत. आपल्या देशात २०१९ सालचे औषध चाचण्यांचे नियम आहेत. तुम्हाला कळेल अशा भाषेत सगळं समजावून सांगितलंच पाहिजे: काय देणार, किती दिवस, काय अपाय होऊ शकतो, बिनऔषधाच्या गटात जाण्याची शक्यता किती. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. आणि मधेच नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही. औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही असते, त्यात नोंद आहे का आणि नीती समितीची परवानगी आहे का, हे विचारायला लाजू नका.

हे इतकं बजावून सांगण्याला कारण आहे. २००९-१० साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींवर एका लसीचा अभ्यास झाला. पुष्कळ मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीनं २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट, असा याचा अर्थ नाही. मुद्दा एवढाच, की आपल्या लेकीची 'हो' दुसऱ्या कुणी परस्पर म्हणायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं झालं, पण आज रात्री झोप येत नाही त्याचं काय? तर ऐका. अशाच चिठ्ठ्या टाकून, गट पाडून, बोलण्याचीही पारख झालेली आहे, आणि तीही आपल्या शेजारी गोव्यात. गावातल्याच साध्या माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन दवाखान्यात बसवलं. चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांशी त्यांनी बोलायचं, त्रास कसा येतो ते समजावायचं, श्वासाचे व्यायाम शिकवायचे, घरचा प्रश्न सोडवायला मदत करायची, आणि गरज पडली तरच डॉक्टरांनी गोळी द्यायची. अडीच हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते. २०१० साली निकाल छापून आला. सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये या पद्धतीनं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. चाचणी प्रामाणिक असली की ती 'इथे चाललं, तिथे नाही' हेही सांगते. ते ऐकून घ्यायची आपलीही तयारी हवी.

आपल्या गटात काय करता येईल? हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं राखून ठेवा. 'या आठवड्यात झोप कशी होती गं?' एवढंच विचारा. जी गप्प राहील तिच्या घरी दुसऱ्या दिवशी एक चक्कर टाका. तिला 'काळजी करू नको' असं सांगू नका, तिला ते जमत असतं तर तिनं केलीच नसती. 'कधीपासून होतंय?' असं विचारा आणि ऐका. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल, काम होत नसेल, तर आशाताईला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे थायरॉईड आणि रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगा. थायरॉईड बिघडलं किंवा अंगात रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, आणि त्यावर आस्कंदाचा काय उपयोग? मनाच्या आजाराचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात असतात. आणि सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे. नंबर १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. दिवसरात्र चालू, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. 'मला जगावंसंच वाटत नाही' असं कुणी म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच क्षणी हा नंबर लावा आणि दवाखान्यात न्या.

ज्यांना यातलं काही वर्ज्य नाही आणि आस्कंद घ्यायचाच आहे, त्यांनी तो शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांना विचारून घ्यावा. परवाना क्रमांक छापलेल्या डबीतला घ्यावा. किती दिवस घ्यायचा ते आधीच ठरवावं. घेण्याआधी आपला त्रास वहीत लिहावा आणि महिन्यानं पुन्हा लिहून ताडून पाहावा. गुण नसेल तर थांबावं. पैसे आपल्या घामाचे आहेत, आणि यकृत तर एकच आहे.

पुढच्या बैठकीत हा भाग पुन्हा लावा आणि तुमच्या गावात कुठल्या पुड्या, कुठले काढे विकले जातात, त्यावर काय लिहिलेलं असतं, ते आम्हाला कळवा. तुमच्या निरोपांवरच पुढचा भाग बांधू. तोवर एकमेकींची झोप विचारत राहा. नमस्कार.